तिकिटाला गहू चालेल

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत स्टेट स्ट्रीट आणि फर्स्ट साउथच्या कोपऱ्यावर मी बराच वेळ उभी होते. सॉल्ट लेक थिएटर इथेच होतं. 1862 मध्ये उघडलं, 1928 मध्ये पाडलं.

आमच्या हौशी नाट्यसंस्थेची तिकीटखिडकी मी अकरा वर्षं सांभाळली. म्हणून मला ओढ होती ती या नाट्यगृहाच्या गल्ल्याची. ओसाड खोऱ्यात वसलेली ही मॉर्मनांची, म्हणजे ख्रिस्ती धर्मातून निघालेल्या एका पंथाच्या लोकांची वस्ती; तिथे रोकड फार कमी. लोक तिकिटासाठी गहू, पीठ, बटाटे, हॅम घेऊन यायचे. प्रयोगाची वेळ झालीय, बाहेर रांग लागलीय आणि आपण पोत्यांचा भाव ठरवतोय, या नुसत्या कल्पनेनंच मला घाम फुटला. आमच्याकडे सुट्ट्या पैशांवरून रांग अडायची!

व्यवस्थापक दोघं: हायरम क्लॉसन आणि जॉन केन. क्लॉसन हे मॉर्मनांचे पुढारी ब्रिगहॅम यंग यांचे जावई. 1857 मध्ये अमेरिकी सरकारनं मॉर्मनांवर फौज धाडली होती. पुढे तिचा तळ पडला कॅम्प फ्लॉइडला. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं, फौज माघारी गेली आणि तिचं सामान मातीमोल भावात निघालं. क्लॉसननी त्यातलं बरंच घेतलं. नाट्यगृह उभं राहिलं ते त्या सौद्याच्या जोरावर. धाक घालायला आलेल्या फौजेच्या सामानातून रंगमंच! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

त्या काळी कित्येक ख्रिस्ती पंथ नाटकाला पाप मानत. इथे मात्र 6 मार्चला प्रार्थना करून वास्तू अर्पण केली आणि दोनच दिवसांनी पहिला जाहीर प्रयोग लागला. सुरुवातीचे नट हौशीच, दिवसा कामधंदा आणि रात्री तालीम. यंग यांच्या मुलीसुद्धा रंगमंचावर उतरल्या. आपल्या स्वतःच्या लेकींना त्या काळात पाठवणं, याचं मला फार मोल वाटतं.

1869 मध्ये रेल्वे युटात पोचली, तिच्यामागून बाहेरच्या कंपन्या आणि नामवंत नट आले.

मेन स्ट्रीटच्या चढावर पायनियर मेमोरियल म्युझियम आहे. त्याचं बाह्यरूप जुन्या थिएटरसारखंच बांधलंय, दर्शनी खांबांसकट. पायऱ्या चढून आत गेले आणि सवयीनं आधी तिकीटखिडकी कुठे असेल ते शोधू लागले.