इशापूरची टू ए वन: ओळख पटली, आता तेल मुरतंय

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ह्यूस्टनजवळच्या एका गन शोमध्ये ही रायफल हाती लागली. दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर ‘एनफिल्ड .३०३’ एवढंच लिहिलेलं होतं. किंमत ३८० डॉलर, आणि वर .३०३ च्या गोळ्यांची एक पिशवी फुकट. दस्त्यावर वाळलेल्या ग्रीसचा तपकिरी थर, नोजकॅपवर (नळीच्या पुढच्या टोकाशी असलेल्या धातूच्या टोपीवर) थोडा गंज, स्लिंग नाही. बाकी सगळे भाग जागच्या जागी होते.

माझं लक्ष आधी मॅगझिनकडे गेलं. साताऱ्याला कॉलेजात असताना एनसीसीत थ्री नॉट थ्री हाताळली होती. तिच्या मॅगझिनचा तळ तिरका असतो, कारण .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कड असते आणि कडेची काडतुसं एकावर एक रचली की रांग वाकते. या रायफलीचं मॅगझिन सरळ, चौकोनी डब्यासारखं होतं. मागची साइट उचलून पाहिली तर आकडे ८०० वर संपत होते, थ्री नॉट थ्रीचे २००० यार्डांपर्यंत जातात. एवढ्यावरच खात्री पटली की ही .३०३ नाही, बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यातली ७.६२ मिलिमीटरची टू ए वन आहे.

विक्रेत्याला तिथल्या तिथे सांगितलं. त्याने चिठ्ठी बदलली, किंमत मात्र तीच ठेवली. गोळ्याही दिल्या. त्या या रायफलीसाठी नाहीत, तरी मी घेतल्या, त्याचं कारण पुढे येईल. ज्यांच्याकडे अशा चिठ्ठीवर विसंबून घेतलेली एनफिल्ड असेल त्यांनी आज रात्री मॅगझिन आणि साइट नक्की पाहा. कॅलिबर चिठ्ठीवर वाचून ठरवायची गोष्टच नाही.

पन्नास वर्षांहून जुनी म्हणून ती सी अँड आर लायसन्सवर, म्हणजे जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांच्या अमेरिकी परवान्यावर, घेता आली. घरी येऊन आधी वहीत नोंद केली, मग चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, एकदा डोळ्यांनी आणि एकदा करंगळीने.

पहिला आठवडा फक्त वाचण्यात गेला. दस्ता जिथे धातूत बसतो त्या सॉकेटवर काळ्या रंगाखाली अक्षरं होती, पण समोरून काहीच लागत नव्हतं. खोलीत अंधार केला, टॉर्च अगदी आडवा धरला आणि खडूची पूड बोटाने चोळून जादाची पुसली. आधी अशोकस्तंभाचे सिंह उमटले, मग ‘आर. एफ. आय.’ म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, मग १९६७ आणि खाली ‘७.६२ एमएम २ए१’. त्या सिंहांवरून बोट फिरवताना काय वाटलं ते शब्दांत नीट सांगता येत नाही. स्वातंत्र्यापूर्वीच्या इशापूरच्या रायफलींवर याच जागी मुकुट आणि ‘जी आर आय’ ही ब्रिटिश राजाची अक्षरं असायची. एकच कारखाना, एकाच घाटाची रायफल, तीच जागा, आणि मुकुट जाऊन सिंह आलेले.

बऱ्याच जणांना वाटतं की टू ए वन म्हणजे जुन्या .३०३ ची नळी बदलून केलेली रायफल. तसं नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याला रायफली कमी पडत होत्या आणि ७.६२ ची एसएलआर, म्हणजे आपोआप भरणारी नवी रायफल, सगळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागणार होता. नंबर वन मार्क थ्री, म्हणजे जुनी .३०३, बनवायचं तंत्र इशापूरकडे होतंच. त्यांनी तोच आराखडा घेतला, जास्त दाब सोसेल असं पोलाद वापरलं, बारा गोळ्यांचं नवं मॅगझिन बसवलं आणि नव्याने रायफली बनवल्या. आधी टू ए आली, तिची साइट जुनीच, २००० ची. मग ८०० मीटरची साइट लावून टू ए वन. बोल्टअ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे करायच्या, लष्करी रायफलींच्या शेवटच्या पिढीतली ही आहे आणि ती आपल्याकडे बनली, याचा मला मनापासून अभिमान आहे.

बोल्टच्या मुठीमागचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळले. हे महत्त्वाचं. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर बाकी सगळं कितीही देखणं असो, मी तरी पुढे जात नाही.

दुसऱ्या आठवड्यात रायफल उघडली. इथे सगळ्यांना कळकळीने एक सांगतो. दस्त्याच्या आत खोलवर दस्ता जखडणारा जो लांब बोल्ट आहे (वरचा मुठीचा बोल्ट नव्हे), त्याला फोरएंड, म्हणजे नळीखालचं पुढचं लाकूड, उतरवल्याशिवाय हात लावू नका. त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि फोरएंडच्या मागच्या बाजूला बसवलेल्या पट्टीत ते अडकतं. मागून पाना लावून फिरवलं की ते चौकोनी टोक पट्टीला पिळतं आणि लाकूड फाटतं. क्रम असा ठेवा: नोजकॅप, मधला बँड, हँडगार्ड, ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू, मग फोरएंड दोन्ही हातांनी सरळ खाली, आणि दस्ता सगळ्यात शेवटी.

माझ्या रायफलीचा फोरएंड काढला तेव्हा आत नेमकं हेच झालेलं दिसलं. पट्टीजवळून सुरू झालेली सुमारे दीड इंचाची चीर, आणि तिच्या कडा ताज्या, फिकट लाकडाच्या. सैन्यात पडलेली असती तर एव्हाना तेलाने काळी झाली असती. आधीच्या कुठल्यातरी मालकाने मागून बोल्ट फिरवला होता. पन्नास वर्षांत न फाटलेलं लाकूड पाच मिनिटांच्या घाईत फाटलं, याचं फार वाईट वाटलं. बाहेरून मात्र पत्ताच लागत नव्हता. इशापूरने मॅगझिनच्या पुढे लाकडाला मजबुतीसाठी घातलेला आडवा स्क्रू जागेवर होता, पण चीर त्याच्या बरीच मागे आहे.

ग्रीस काढायला टेक्सासच्या उन्हाचा उपयोग केला. लाकडी भाग जुन्या चादरीत गुंडाळले, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि काचा बंद केलेल्या गाडीत ठेवले. दर तासाला जाऊन वर आलेलं ग्रीस पुसायचं. तीन दुपारी गेल्या. पहिल्या दिवशी चादरीवर काकवीसारखे डाग पडले, तिसऱ्या दिवशी नुसता ओलसरपणा उरला. ओव्हनमध्ये तापवणारे लोक मी पाहिलेत. लाकूड वाकतं, तसं करू नये.

धातूच्या भागांना मिनरल स्पिरिट आणि दाढीच्या ब्रशसारखा मऊ ब्रश पुरला. इथे माझी एक चूक झाली. ट्रिगर गार्डवर अ‍ॅसिटोनचं फडकं फिरवलं आणि नखाएवढ्या जागेचा काळा रंग निघून आला. तो रंग बहुधा कारखान्यातलाच होता. तेव्हापासून अ‍ॅसिटोनची बाटली मी धातूच्या टेबलावर येऊच देत नाही. नोजकॅपवरचा गंज तेलात भिजवलेल्या चार शून्यांच्या स्टीलवूलने हलक्या हाताने काढला. जिथे पापुद्रे होते तिथे १९८२ च्या आधीचं एक सेंटचं नाणं उभं धरून खरवडलं. तांबं पोलादापेक्षा मऊ असतं, त्यामुळे गंज निघतो आणि फिनिशला ओरखडा उठत नाही.

नळीतून आजवर कुठल्या गोळ्या गेल्या हे कळायला मार्ग नाही, म्हणून ती जुन्या पद्धतीने धुतली. जुन्या लष्करी गोळ्यांच्या कॅपमध्ये क्षार असतात, ते नळीत राहून हवेतला ओलावा ओढतात. तेलाने ते जात नाहीत, पाण्याने जातात. नरसाळ्याला रबरी नळी जोडून चेंबरमधून उकळतं पाणी सोडलं. रायफलीची नळी इतकी तापली की उरलेलं पाणी आपोआप सुकलं. मग पुलथ्रू, म्हणजे चिंदी बांधून नळीतून ओढायची वजनदार दोरी. एनसीसीत घोकलेलं मापच हाताने कापलं: साफ करायची चिंदी चार बाय दोन, तेलाची चार बाय दीड. पहिल्या सात चिंद्या काळ्या निघाल्या, अकरावी पांढरी. नळीच्या आतले आटे चांगले आहेत, चेंबरच्या पुढे थोडा काळसरपणा आहे, तो राहू दे.

चिरेसाठी आधी लाकूड आतून अ‍ॅसिटोनने पुसून कोरडं केलं, कारण तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही. सावकाश सुकणारं इपॉक्सी पातळ पात्याने आत ढकललं, क्लॅम्प लावला आणि दोन दिवस हलवलं नाही.

लाकडाला सँडपेपर लावलेला नाही, लावणारही नाही. दस्त्यावर तपासनीसाचे दोन छोटे ठसे आहेत, एक तर जेमतेम दिसतो. सँडपेपरचे चार हात मारले की ते गेलेच, आणि मग ही रायफल कुठून आली ते सांगणारं लाकडावर काही उरणार नाही. खोच पडलेली आहे तिथे ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवली, अर्धी खोच वर आली, पुरे. आता जवसाचं तेल चालू आहे. तळहातावर चार थेंब, हात गरम होईपर्यंत चोळायचं, दुसऱ्या दिवशी पुसायचं. उकळलेलं जवसाचं तेल वापरत असाल तर फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. मी ती अंगणातल्या तारेवर पसरून वाळवतो.

आता त्या फुकटच्या गोळ्यांचं. पिशवीत बहुतेक इकडचाच माल होता, पण पाच काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ होतं. माझे मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. व्हिडिओ कॉलवर एक काडतूस कॅमेऱ्यासमोर धरलं.

“मामा, हे वाचता येतंय का?”

त्यांनी चष्मा वर केला, फोन नाकाशी नेला. “अरे, ही तर आपली खडकी! किर्की फॅक्टरी. कुठं मिळालं तुला हे?”

“टेक्सासात. रायफलीबरोबर फुकट दिलं.”

मामी मागून काहीतरी म्हणाल्या. मामा म्हणाले, “थांब गं. जपून ठेव रे ते. वाजवू नकोस.”

वाजवणार नाहीच. पाचही काडतुसं वेगळ्या डबीत, नोंदीसह ठेवली आहेत.

दस्त्याच्या पितळी झाकणाखाली पुलथ्रूचं पितळी वजन आणि कुजलेल्या दोरीचा तुकडा सापडला, तेलाची बाटली नाही. ती शोधतोय. स्लिंगही खाकी वेबिंगचीच हवी. पुढच्या आठवड्यात गनस्मिथकडे ७.६२ च्या गेजने हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांच्यातली फट, तपासून घ्यायची आहे, तोवर ती एकदाही चालवणार नाही. चीर आज पुन्हा नखाने चाचपली, हालत नाही. तेलाचा चौथा हात काल रात्री दिला.