नावातलं एक अक्षर

माझे आजोबा लोहार. कोयत्याला पाणी द्यायची वेळ आली की ते भट्टीपाशी कुणाला बोलू देत नसत. पातं हवं तेवढं लाल झालं की भाता थांबायचा, सांडशी उचलायची आणि पातं एकदाच पाण्यात. तेव्हा ते पात्याकडे बघतसुद्धा नसत, कान लावून ऐकत. तडा गेला तर तो आधी कानाला कळतो, म्हणायचे.

तोक्योत नोकरीला आले आणि एका प्रदर्शनात कियोमारो या जुन्या जपानी लोहाराची तलवार पाहिली, तेव्हा मला आधी आजोबाच आठवले. पाणी द्यायच्या आधी जपानी कारागीर पात्याला मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ मऊ राहते. कियोमारोच्या धारेलगतच्या पांढुरक्या पट्ट्यात बारीक चकाकत्या रेघा धावतात. मी काचेला नाक लावून किती वेळ उभी होते, कोण जाणे.

हा माणूस 1813 साली शिनानो प्रांतातल्या आकाइवा गावात जन्मला. थोरला भाऊ मासाओ, तोही तलवारी घडवणारा. एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला आल्यावर त्याला कुबोता सुगाने या सामुराईने जवळ केलं. कुबोता शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, थेट चाकरीतले, तलवारबाजीचे उस्ताद, युद्धविद्येवर ग्रंथ लिहिणारे, त्याच्याहून 22 वर्षांनी मोठे.

पोराच्या हातात काय आहे ते त्यांनी ओळखलं आणि त्याच्यासाठी चक्क एक भिशी उभी केली. शंभर जणांनी प्रत्येकी तीन र्‍यो, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी, भरायचे आणि एकेकाला तलवार मिळत जायची. आपल्या शब्दावर त्यांनी लोकांना पैसे भरायला लावले. आणि 1842 च्या सुमारास कियोमारो सगळं टाकून दूर पश्चिमेकडच्या चोशू प्रांतात निघून गेला. भिशीतली एकच तलवार झाली होती, असं सांगतात.

उचल घेऊन काम न करणाऱ्याला गाव काय बोलतं, हे लोहाराच्या घरात वाढलेल्या मुलीला सांगायला नको. इथे तर बोलणी खायला कुबोताच मागे राहिले होते. म्हणून पुढचं वाचताना मला भरून आलं. दोन-तीन वर्षांनी तो परतला, पुन्हा एदोत भट्टी पेटवली, आणि कुबोतांशी नातं तुटलेलं नव्हतं. निष्ठा म्हटलं की आपल्याला धन्यासाठी जीव देणारा सामुराई आठवतो. मला मात्र हा सामुराई मोठा वाटतो, ज्याने एका कारागिराला टाकलं नाही.

कियोमारोचा शेवट वाईट झाला. दारू होती, अंगावर घेतलेली कामं राहिली होती. 1855 उजाडता उजाडता त्याने स्वतःच आयुष्य संपवलं. चाळिशी नुकतीच ओलांडलेली. राहिलेल्या तलवारी त्याचा शिष्य कियोहितो याने घडवून दिल्या म्हणतात. योत्सुयाच्या सोफुकुजी देवळात त्याची समाधी आहे. मी जमेल तेव्हा जाते, उदबत्ती लावते. कुबोता त्याच्यामागे बारा वर्षं जगले.

चोशूहून परत आल्यावर, 1846 साली कियोमारोने नाव बदललं होतं. आधी तो मासायुकी अशी सही करायचा. 'कियोमारो' या नव्या नावातलं 'कियो' हे अक्षर कुबोतांच्या 'सुगाने'मधलं पहिलं अक्षर. उच्चार वेगळा, लिहायला तेच, अर्थ 'निर्मळ'. त्याच वर्षी आठव्या महिन्यात त्याने एक तलवार घडवली आणि तिच्यावर कोरलं, 'कुबोता सुगाने यांच्यासाठी'. खाली स्वतःचं नवं नाव.

हे कोरीव काम असतं मुठीच्या आत जाणाऱ्या लोखंडावर. तलवार कमरेला असताना ते कुणालाच दिसत नाही. बांबूची लहानशी खुंटी काढायची, मूठ हलकेच सोडवायची, मग अक्षरं दिसतात. पंचावन्न वर्षांच्या कुबोतांनी ती खुंटी पहिल्यांदा काढली असेल, तो क्षण मी कितीदा तरी डोळ्यांपुढे आणते. एकाच लोखंडावर दोन नावं, आणि दोन्हींत तेच अक्षर.