येळवसचं आवतन

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवसला, आमच्या लातुरात बाजारपेठेची शटरं खाली असतात. सगळं शहर रानात गेलेलं असतं. ज्याला गुंठाभर जमीन नाही, त्यालाही दोन-तीन ठिकाणचं आवतन असतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, आत पाच पांडव मांडायचे, उभ्या पिकात अंबील शिंपडायची आणि मग पंगत बसवायची.

भज्जीचा, म्हणजे येळवसच्या मिसळ भाजीचा, घाट आदल्या रात्रीपासूनच. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, ओला हरभरा, मेथी, पातीचा कांदा, चिंचेचा कोळ, वरून बेसन. बाजरीचे उंडे आत्याबाईच करतात, त्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना चालत नाही.

काळ्या आईचे उपकार मानायचा हा दिवस. पण वर्षभर ज्या माणसांनी हात दिला, त्यांचं काय? नुसतं जेवायला बोलावून भागत नाही असं मला वाटतं. त्यांनी काय केलं, ते चारचौघांत त्यांच्यासमोर सांगायला हवं. ‘सगळ्यांचे आभार’ म्हटलं की ते कुणालाच पोचत नाहीत.

यंदा सोयाबीन काढून गंजी लावली होती आणि आम्ही सगळे लग्नाला परगावी. रात्री परतीचा पाऊस आला. ज्यांच्याशी आमचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुनं भांडण, बोलणंसुद्धा बंद, त्या शेजाऱ्यांनी स्वतःची ताडपत्री आणून आमची गंजी झाकली. त्यांची स्वतःची गंजी निम्मी उघडीच राहिली. आम्हाला हे सालगड्याकडून कळलं, ते स्वतः एका शब्दानं बोलले नाहीत.

आत्याबाई स्वतः त्यांच्या घरी आवतन घेऊन गेल्या. येळवसला त्यांना कोपीजवळ बसवलं आणि पंगतीसमोर हे सगळं सांगितलं. ते मान खाली घालून एवढंच म्हणाले, “वहिनी, भिजणारं धान बघून कसं जावं?” धुऱ्याचा वाद अजून मिटलेला नाही. पण आता दोन्ही घरांत बोलणं आहे.

एक ऋण मात्र अजून तसंच आहे. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं, नळ बंद झाले, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली. तेव्हा एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, कृष्णेचं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, म्हणजे पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात तान्ही लेकरं होती, माझी मुलगी त्यातलीच. मिरजेच्या स्टेशनावर वाघिणींना पाइप जोडणारे, गाडी हाकणारे, इथं पाणी उतरवून घेणारे, कुणाचंच नाव मला माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल, किंवा अशा कुणाला ओळखत असेल, तर येत्या येळवसला बायकापोरांसकट या. शेत औसा रोडला आहे. अंबिलीचं बिंदगं मोठं आहे आमचं, आणि तुम्ही काय केलंत ते आत्याबाई सगळ्यांसमोर सांगतील.