एनक्लेक्स: विषयवार अभ्यास सोडला तेव्हा

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स-आरएन ही परवान्याची परीक्षा द्यावी लागते. नाशिकमध्ये नोकरी सांभाळून मी ती दिली आणि पास झाले. वॉर्डातल्या ज्युनिअर मुली सारख्या विचारतात, म्हणून लिहितेय.

आधी कागदपत्रं. माझं बीएस्सी नर्सिंग इथलंच, विद्यापीठ म्हसरूळला, त्यामुळे ट्रान्सक्रिप्टसाठी लांब जावं लागलं नाही. नोंदणी मात्र महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, म्हणजे मुंबई. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जायचं, संध्याकाळी त्याच गाडीने परत. हे काम अभ्यासाआधी सुरू करा. एटीटी, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी, आल्याशिवाय तारीख मिळत नाही.

अभ्यास आपण करतो तो पेपरनिहाय. मेड-सर्ज (मेडिसिन-सर्जरी) वेगळं, पेडिॲट्रिक वेगळं, सायकिॲट्री वेगळं. व्याख्या, कारणं, लक्षणं, उपचार. सरावाचे प्रश्न या चौकटीत बसेनात. ही परीक्षा अशी का, ते शोधायला लागले आणि तिथून माझा अभ्यास बदलला.

नर्सची परीक्षा घ्यावी का, यावरच मुळात मोठा वाद झाला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा विरोध होता. चांगली नर्स कोण, हे लेखी परीक्षेत कळत नाही असं त्यांचं म्हणणं. उलट इंग्लंडमधल्याच नर्स बेडफर्ड फेनविक बाई परीक्षा घेऊन नर्सेसची नोंदणी व्हावी म्हणून तीन दशकं लढल्या. इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा 1919 साली झाला, न्यूझीलंडने तो 1901 मध्येच केला होता. अमेरिकेत 1903 पासून एकेक राज्य आपापले कायदे करत गेलं. मग महायुद्धात नर्सेसची गरज वाढली आणि 1944 पासून राज्यांनी सामाईक प्रश्नपत्रिका वापरायला सुरुवात केली. तीही आपल्यासारखीच विषयवार होती: मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग, मानसोपचार. 1982 मध्ये एनक्लेक्स आली तेव्हा या भिंती पाडल्या. पेशंट समोर आहे, आता नर्स काय करेल, एवढंच विचारायचं ठरलं.

हे कळल्यावर मी विषयवार वह्या बाजूला ठेवल्या. ड्युटीवर आधीच्या शिफ्टकडून हँडओव्हर घेतानाच स्वतःला विचारायचे, आधी कोणाकडे जायचं? समजा, ऑपरेशननंतर दुखतंय म्हणणारा एक, शुगर 210 असलेला एक, डिस्चार्जची वाट बघणारा एक, आणि दम्याचा एक, ज्याची घरघर अचानक थांबली आहे पण धाप तशीच आहे. नवीन मुलगी दुखणाऱ्याकडे धावते. पण ती शांत झालेली छाती सगळ्यात धोक्याची, हवाच आत जात नाहीये. आपल्या भरलेल्या वॉर्डात काम केलेल्या मुलींना हे हाताने येतं. ते प्रश्नात ओळखायची सवय तेवढी लावावी लागते. माझ्या मते नाइटिंगेलबाईंच्या शंकेला ही परीक्षा बऱ्यापैकी उत्तर देते.

1994 पासून ती कॉम्प्युटरवर आहे. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो. एप्रिल 2023 पासून कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ पाच तास. मशीनची खात्री पटली की परीक्षा तिथेच थांबते. माझी 85 ला थांबली नाही, पुढे चालू राहिली. त्याचा अर्थ नापास असा नसतो, तेव्हा घाबरू नका. मार्क मिळत नाहीत, फक्त पास किंवा नापास.

आता माझी व्हिसास्क्रीनची, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसासाठी लागणारी कागदपत्रांची, तपासणी चालू आहे. तिथेही नोंदणीची खात्री कौन्सिलकडूनच जावी लागते, तेव्हा नूतनीकरणाची तारीख चुकवू नका.