महाराजगुडा: दोन राज्यांचं गाव, पण सातबारा बहुतेकांकडे नाही

चंद्रपूरला येणारे बहुतेक जण ताडोबा बघून परततात. आम्ही या वेळी दक्षिणेची वाट धरली. राजुरा, मग गडचांदूर आणि तिथून माणिकगड पहाडावरचं जिवती. गडचांदूरपर्यंत सिमेंटचे कारखाने आणि ट्रकच ट्रक दिसतात. पहाड चढून वर आलं की कापूस, तूर, सोयाबीन आणि अधूनमधून कोलाम आदिवासींचे गुडे (पाडे), बंजाऱ्यांचे तांडे. याच पहाडाच्या कडेला महाराजगुडा आहे. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही ज्यांच्यावर हक्क सांगतात, त्या चौदा गावांपैकी हे एक.

डिसेंबर २०२२ मध्ये इथल्या एका घराची बातमी देशभर गाजली. काही खोल्या महाराष्ट्रात, काही तेलंगणात. तेव्हापासून लोक ते घर शोधत येतात, फोटो काढतात आणि निघून जातात. ते राहतं घर आहे. त्यापेक्षा पारावर बसून गावाची हकीकत ऐका, ती कितीतरी मोठी आहे.

हा सगळा मुलूख एकेकाळी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचा. पुढे निजामाच्या राज्यात राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठी भाग म्हणून राजुरा मुंबई राज्यात आला, आधी नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात. कागदावर सीमा ठरली, पण या जंगलात ती नेमकी कुठून जाते याची फारशी कुणाला फिकीर नव्हती. मग मराठवाड्यात दुष्काळ पडला. १९७२ च्या आगेमागे जालना, परभणी, नांदेडकडची दलित आणि बंजारा कुटुंबं पोट भरायला इथवर आली. त्यांनी रान साफ करून शेती केली, वस्त्या उभ्या केल्या. शेती आणि मतदार दिसू लागल्यावर दोन्ही सरकारांना ही गावं आठवली. १९९७ मध्ये न्यायालयातला वाद महाराष्ट्राच्या बाजूने संपला, तरी पलीकडचा कारभार काही उठला नाही.

आज एकाच गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा, दोन सरपंच, दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं. २०२४ च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला होतं, तेलंगणातल्या आदिलाबादचं १३ मे रोजी. कायद्याने दोनदा मत देता येत नाही, पण तारखा वेगळ्या असल्यामुळे प्रत्यक्षात दोन्हीकडे मत देणं शक्य होतं. बाहेरच्यांना याची गंमत वाटते आणि ‘यांची तर चंगळ आहे’ असं सहज बोललं जातं. ते ऐकून मला फार वाईट वाटतं. कारण जी जमीन ही माणसं पन्नास वर्षं कसतायत, तिचा पट्टा बहुतेकांकडे नाही. वनजमिनीचा तिढा वेगळाच. पट्टा नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि पीककर्ज नाही म्हणून सावकार.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा आणि विमुक्त जातींना १९६१ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. दुष्काळात घर सोडून आलेल्यांनी तो आणायचा तर मराठवाड्यातल्या मूळ गावी खेटे घालायचे. त्यातही बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, तर महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एका तांड्यातल्या एकाच मुलीचा प्रवर्ग ती कोणत्या राज्याचा अर्ज भरते त्यावर ठरतो.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी ही चौदा गावं राज्यात पूर्णपणे समाविष्ट करण्याची घोषणा केली. माझं मत स्पष्ट आहे: पाटी कोणत्याही राज्याची लावा, आधी जमिनीचा पट्टा द्या.

आता जाणाऱ्यांसाठी. चंद्रपूर आणि बल्लारशाह ही दोन्ही स्टेशनं दिल्ली-चेन्नई मार्गावर आहेत, त्यामुळे रेल्वेने येणं सोपं. मुक्काम चंद्रपूर किंवा गडचांदूरला करा, गावात लॉज नाही. जिवतीपर्यंत एसटी मिळते. पुढे स्वतःची गाडी हवी किंवा जिवतीतून ठरवून घ्या. पावसाळ्यात काळ्या मातीचे आतले रस्ते त्रास देतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगलं, कापूस वेचणीचे दिवस असतात. लोक दुपारी शेतात असतात, म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. पेट्रोल गडचांदूरलाच भरा, रोख पैसे आणि पाणी सोबत ठेवा. मराठी सगळीकडे चालते. कुणाचंही रेशनकार्ड किंवा ओळखपत्र दाखवायला सांगू नका, फोटो विचारूनच काढा.

एक दिवस जास्तीचा असेल तर सकाळी माणिकगड किल्ला बघा आणि मग तेलंगणाच्या बाजूने केरामेरी मंडलातल्या जोडेघाटला जा. ‘जल, जंगल, जमीन’ म्हणत निजामाशी लढलेले कुमराम भीम १९४० मध्ये तिथे मारले गेले. त्यांचं स्मारक आणि आदिवासी संग्रहालय तिथे आहे. घाटरस्ता वळणांचा आहे, अंधार पडायच्या आत उतरा.