चॅम्पियन दर आठवड्याला दिसलाच पाहिजे का?

2023 च्या गणेशोत्सवातली गोष्ट आहे. शनिवारची सकाळ होती, लालबागच्या आमच्या गल्लीत रात्रभराच्या रांगेतली माणसे अजून बसलेली होती आणि घरात माझा भाचा टीव्हीसमोर मांडी घालून डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीचा ‘स्मॅकडाउन’ पाहत होता. अमेरिकेत शुक्रवारी रात्री होणारा हा कार्यक्रम आपल्याकडे शनिवारी पहाटे येतो आणि भाचा त्यासाठी गजर लावून उठतो. पहिली लढत झाली, दुसरी झाली, तरी तेव्हाचा चॅम्पियन रोमन रेन्स याचा पत्ता नव्हता. शेवटी त्याने मला विचारले, “मामा, आज तरी रोमन येणार का?” मी म्हटले, “बहुतेक नाही.” त्यावर तो म्हणाला, “मग चॅम्पियनचा पट्टा त्याने घरीच ठेवलाय का?”

त्या वर्षी रेन्स ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साप्ताहिक कार्यक्रमात फिरकलाच नव्हता, त्यामुळे भाच्याचा प्रश्न अगदी रास्त होता. व्यावसायिक कुस्तीच्या चाहत्यांमध्ये हा वाद बरीच वर्षे चालू आहे. चॅम्पियनने दर आठवड्याला हजर असावे, असे काहींचे ठाम मत आहे. मोठा माणूस क्वचितच दिसावा, तरच तो मोठा वाटतो, असे इतरांना वाटते. माझे मत असे की चॅम्पियनने दर आठवड्याला लढण्याची गरज नाही आणि दर आठवड्याला येण्याचीही नाही, पण त्याचा पट्टा मात्र एकही आठवडा विसरला जाता कामा नये आणि पुढची लढत कधी, हे प्रेक्षकाला ठाऊक असलेच पाहिजे.

‘पूर्वी चॅम्पियन दर आठवड्याला लढायचे’ असे आमच्या पिढीतले लोक हमखास म्हणतात, पण ते पूर्ण खरे नाही. हल्क होगनने 23 जानेवारी 1984 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आयर्न शेखला हरवून पट्टा घेतला आणि फेब्रुवारी 1988 पर्यंत तो त्याच्याकडेच राहिला. त्या चार वर्षांत साप्ताहिक कार्यक्रमांमध्ये होगनची लढत ही दुर्मीळ गोष्ट होती. तिथे नावाजलेले मल्ल हरण्यासाठीच आणलेल्या अनोळखी माणसांना दोन-तीन मिनिटांत आडवे करत आणि मग माइक हातात घेऊन पुढच्या मोठ्या लढतीची हाळी देत. कंपनीचे पोट गावोगावच्या सभागृहांतल्या तिकिटांवर भरत होते, टीव्ही ही त्या तिकिटांची जाहिरात होती, आणि जो माल तिकीट लावून विकायचा तो घरबसल्या फुकट दाखवणे कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारे नव्हते.

हे गणित बदलले ते 4 सप्टेंबर 1995 रोजी, जेव्हा डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीने डब्ल्यूडब्ल्यूईच्या सोमवार रात्रीच्या ‘रॉ’ या कार्यक्रमासमोर, त्याच वाराला, ‘नायट्रो’ सुरू केला. 1996 च्या जूनपासून सलग 83 आठवडे ‘नायट्रो’ने प्रेक्षकसंख्येत ‘रॉ’ला मागे ठेवले. दोन कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या की हातचे राखून ठेवणे कुणालाच जमत नाही. 6 जुलै 1998 रोजी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये गोल्डबर्गने होगनला हरवून पट्टा घेतला, तोही साप्ताहिक कार्यक्रमात, कोणतेही वेगळे शुल्क न लावता. जी लढत महिनोन्‌महिने वाजवून विकता आली असती, ती एका सोमवारच्या आकड्यांसाठी खर्ची पडली. पुढे मार्च 2001 मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू प्रतिस्पर्ध्यानेच विकत घेतली आणि ती लढाई संपली. पण चॅम्पियन दर आठवड्याला दिसतो, लढतो, कधी कधी तिथेच पट्टाही गमावतो, ही सवय आम्हा प्रेक्षकांना लागली ती लागलीच. माझी पिढी नेमकी त्याच वर्षांत चाळीच्या गॅलरीत बसून डब्ल्यूडब्ल्यूएफची (डब्ल्यूडब्ल्यूईचे तेव्हाचे नाव) ट्रम्प कार्डे खेळत होती. वजन, उंची, छाती, दंड असे सगळे आकडे त्या कार्डांवर छापलेले असत आणि रँक एक असलेले कार्ड हातात आले की पोरगा ते दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवी. आमच्या लेखी चॅम्पियन म्हणजे ते कार्ड होते, आणि ते डावात नसेल तर डाव कसला, असे आम्हाला मनापासून वाटे.

तरीही आज मला दर आठवड्याच्या हजेरीचा आग्रह पटत नाही. रॉ तीन तासांचा झाला 2012 च्या जुलैमध्ये. इतका वेळ आठवड्यामागून आठवडा भरायचा म्हटल्यावर चॅम्पियनला तेच प्रतिस्पर्धी, तीच धमकी, तीच अर्धवट राहिलेली मारामारी पुन्हा पुन्हा करावी लागते. कोडी रोड्सने 2024 च्या एप्रिलमध्ये रेन्सचा पट्टा काढून घेतला, तेव्हा भाच्याला कोण आनंद झाला होता. रोड्स मनाने भला आणि कामाला चोख माणूस आहे, तो बहुतेक प्रत्येक आठवड्याला हजर असे. पण पावसाळा संपता संपता माझ्या लक्षात आले, की त्याचे संगीत वाजले की भाचा दूध आणायला स्वयंपाकघरात जातो. त्याचे प्रेम आटले नव्हते. हा माणूस पुढच्या शनिवारीही असणारच, हे त्याला कळले होते.

शरीराचा प्रश्न याहून गंभीर आहे. निकाल आधी ठरलेला असला तरी पाठीवर पडणे ठरवून सौम्य होत नाही. मानेच्या दुखापतीमुळे एज या चॅम्पियनला एप्रिल 2011 मध्ये पट्टा सोडून निवृत्ती जाहीर करावी लागली. जो माणूस दर आठवड्याला पडतो त्याचे शरीर लवकर झिजते, आणि चॅम्पियनकडूनच सर्वांत मोठ्या लढतींची अपेक्षा असल्यामुळे त्याला जपणे हे प्रेक्षकाच्याही हिताचे आहे.

माझे आजोबा गिरणीत कामाला होते आणि त्यांनी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग यांची लढत पाहिली होती. ते ती गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले, कारण त्यांनी ती एकदाच पाहिली होती. पण मला खरा धडा मिळाला तो आमच्या साताऱ्याकडच्या गावच्या जत्रेत. दुपारी दोनपासून फड भरलेला असे, रेवडीवरच्या लहान पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होई आणि शेवटची, सगळ्यांत मोठ्या इनामाची कुस्ती दिवस कलल्यावर लागे. तोपर्यंत मोठा पैलवान लपून बसत नसे. पंच त्याला आणि त्याच्या जोडीदाराला भर दुपारी फडाभोवती फिरवत. पायांत कोल्हापुरी, अंगावर पातळ सदरा, कानांचे मुटके झालेले, आणि हात जोडून तो चारी बाजूंच्या माणसांकडे पाहत चालत असे. हलगीचा ठेका त्याच्या पावलांबरोबर बदले. त्या फेरीला पाच मिनिटे लागत असतील, पण त्यानंतरचे चार तास आम्ही प्रत्येक लहान कुस्ती पाहताना मनात त्याचीच कुस्ती पाहत असू. तो लढला नव्हता, तरी फड त्याचाच होता.

चॅम्पियनच्या हजेरीकडे मी याच नजरेने पाहतो आणि म्हणूनच ब्रॉक लेस्नरच्या कारकिर्दीतले 2014 हे वर्ष मला आजही सलते. त्या वर्षी एप्रिलमध्ये डॅनियल ब्रायनने रेसलमेनिया या कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात पट्टा जिंकला, मे महिन्यात त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली आणि लढू शकत नाही म्हणून 9 जून रोजी त्याच्याकडून पट्टा काढून घेण्यात आला, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत. ऑगस्टमध्ये लेस्नरने जॉन सीनाला हरवून तोच पट्टा घेतला, 21 सप्टेंबरला एकदा राखला, आणि त्यानंतर थेट 25 जानेवारी 2015 पर्यंत टीव्हीवर पट्ट्यासाठी लढलाच नाही. जायबंदी माणसाला शस्त्रक्रियेनंतर महिनाही मिळाला नाही, धडधाकट माणसाला मात्र चार महिने मिळाले. ही सगळी रचलेली कथा आहे, हे मला माहीत आहे. पण रचलेल्या कथेतही नियम एकच असावा लागतो, नाहीतर पट्टा हा केवळ सोनेरी पत्रा ठरतो.

लेस्नरने 2017 मध्ये पुन्हा तेच केले. 2 एप्रिलला गोल्डबर्गकडून ‘युनिव्हर्सल’ हा ‘रॉ’चा तेव्हाचा मुख्य पट्टा घेतल्यावर तो पहिल्यांदा राखायला तो 9 जुलैला आला, आणि 504 दिवसांनी रेन्सकडून हरेपर्यंत कित्येक ‘रॉ’ चॅम्पियनविना गेले. रेन्सची स्वतःची 1316 दिवसांची कारकीर्द मात्र मी वेगळी मानतो, जरी शेवटी शेवटी तोही क्वचितच लढे. 2023 आणि 2024 च्या रेसलमेनियांच्या मधल्या वर्षात त्याने पट्टा तीनदाच राखला: ऑगस्टमध्ये जे उसोविरुद्ध, नोव्हेंबरमध्ये एलए नाइटविरुद्ध आणि जानेवारीत चौघांच्या लढतीत. हे कमी आहे, यात शंका नाही. पण त्याच्या गैरहजेरीत त्याचा सल्लागार पॉल हेमन होता, त्याच्या नात्यातला सोलो होता, नात्यातल्याच उसो भावांचे भांडण होते, आणि त्या घरातला प्रत्येक जण ‘तो काय म्हणेल’ या धाकात बोलत असे. मालक बाहेरगावी गेला तरी पेढीवर त्याच्या नावाची पाटी असतेच, तसे ते होते. लेस्नरच्या वेळी हेमन एकटाच पाटी धरून उभा असे आणि मागे दुकान रिकामे असे.

दर आठवड्याला लढणारा चॅम्पियन हवाच असेल, तर त्याची जागा दुसऱ्या क्रमांकाच्या पट्ट्यावर आहे. 29 मार्च 2015 रोजी, ज्या रात्री लेस्नरने आपला पट्टा गमावला त्याच रात्री, जॉन सीनाने रुसेवकडून युनायटेड स्टेट्स पट्टा जिंकला आणि दुसऱ्या दिवसापासून ‘रॉ’मध्ये कुणीही यावे आणि आव्हान द्यावे, अशी प्रथा सुरू केली. डीन अँब्रोज आला, नेव्हिल आला, मे महिन्यात मॉन्ट्रियलमध्ये सॅमी झेन आला. हरूनही ही माणसे मोठी झाली आणि बऱ्याच वर्षांत त्या पट्ट्याला आली नव्हती एवढी किंमत त्याला आली. जपानमध्ये मुख्य पट्ट्याबाबत याच्या उलट रीत आहे. काझुचिका ओकाडाने 2016 ते 2018 या काळात आयडब्ल्यूजीपी हा तिथला मुख्य पट्टा 720 दिवस धरला आणि बारा वेळा राखला, म्हणजे सरासरी दोन महिन्यांतून एकदा. मधल्या दिवसांत तो सांघिक लढतींत खेळत असे, प्रेक्षकांना दिसत असे, पण पट्टा पणाला लागला की ती रात्र वेगळीच असे. मुख्य पट्ट्यासाठी मला हा वेग सर्वांत योग्य वाटतो.

एक गोष्ट मात्र होगनच्या काळासारखी राहिलेली नाही, आणि ती मान्य केल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. तेव्हा साप्ताहिक कार्यक्रम ही जाहिरात होती. आज तोच माल आहे. ‘रॉ’ 2025 च्या जानेवारीपासून नेटफ्लिक्सवर गेला आणि त्या दहा वर्षांच्या कराराची किंमत पाच अब्ज डॉलरांहून अधिक आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून आपल्याकडेही हे कार्यक्रम तिथेच दिसतात आणि आम्ही त्याचे दरमहा पैसे भरतो. ज्या कार्यक्रमाचे पैसे घेतले, त्यात सर्वांत मोठा माणूस महिनोन्‌महिने नसणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, असे कुणी म्हटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. सप्टेंबर 2023 मध्ये हैदराबादला कार्यक्रम झाला, तेव्हा माझे दोन मित्र मुंबईहून रात्रीच्या गाडीने गेले होते. तिथे सेथ रोलिन्स वर्ल्ड हेवीवेट हा कंपनीचा दुसरा मुख्य पट्टा घेऊन आला आणि सीनाच्या जोडीने लढला. पट्टा पणाला लागला नव्हता, पण परतल्यावर ते दोघे आठवडाभर त्या पट्ट्याबद्दलच बोलत होते. चॅम्पियन आपल्या गावापर्यंत आला, एवढे त्यांना पुरले.

म्हणून माझे मागणे फार नाही. चॅम्पियनने महिन्यातून दोन आठवडे तरी समोर यावे, मग तो बोलो वा नुसता उभा राहो. दोन महिन्यांतून एकदा पट्टा पणाला लागावा. तो नसेल त्या आठवड्यात त्याच्या पट्ट्यासाठी कोण झगडते आहे, हे दाखवावे, आणि दुखापत झाली तर किती दिवस वाट पाहायची, हे सर्वांसाठी एकच ठरलेले असावे. आणि सर्वांत आधी, पुढच्या लढतीची तारीख व जोड जाहीर करावी. आमच्या जत्रेच्या पत्रकावर शेवटच्या कुस्तीची जोड महिनाभर आधी मोठ्या अक्षरांत छापलेली असते. ते पत्रक चाळीच्या जिन्यात चिकटवले, की खाली राहणारे काका त्याच दिवशी रजेचा अर्ज लिहितात आणि परळहून सुटणाऱ्या रात्रीच्या एसटीत दोन जागा धरायला सांगतात, एक स्वतःसाठी आणि एक माझ्या भाच्यासाठी.