चाकोरी आणि भिंगरी

चाकोरी हा शब्द आपण लाक्षणिक अर्थाने इतका वापरला आहे, की गाडीच्या चाकांनी मऊ जमिनीत पाडलेली खोल रेघ म्हणजे चाकोरी, हा त्याचा मूळ अर्थ जवळजवळ विस्मरणातच गेला आहे. चाकोरीबाहेरचे आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार, चाकोरीबाहेरची सुट्टी अशी त्याची ओळख उरली आहे. असल्याच एका सुट्टीच्या मोहाने आम्ही दोघे नदीकाठच्या कच्च्या वाटेने दोन दिवस भटकायचे आणि एक रात्र तंबूत काढायची असे ठरवून निघालो. गाडी चारही चाकांना जोर देणारी होती, आणि मागच्या आसनावर, छातीभोवतीच्या पट्ट्याने नीट अडकवलेली, आमची कुत्री भिंगरी होती. बसण्यापूर्वी स्वतःभोवती निदान चार फेऱ्या मारल्याखेरीज तिला जमीन पसंत पडत नाही, म्हणून तिचे हे नाव पडले.

डांबरी रस्ता संपला आणि पहिल्याच तासात माझ्या लक्षात आले, की रस्ता सोडून जाणाऱ्या माणसाला चाकोरी जितकी जपावी लागते तितकी ती रोजच्या रस्त्यावरच्या माणसालाही जपावी लागत नाही. आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या दोन रेघांतूनच जायचे, हा या छंदाचा पहिला नियम आहे. नदीकाठची गवताळ माती एकदा चाकाखाली दबली की तिच्यातल्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरेनासे होते, आणि पुढच्या पावसात त्याच रेघेचा ओहोळ होऊन माती नदीत वाहू लागते. मध्ये चिखल लागला म्हणून एकाने बाजूने वळसा घेतला, की दुसरा त्याच्याही बाजूने घेतो, आणि पाहता पाहता एका वाटेच्या चार होतात. तेव्हा चिखल लागला तरी सरळ त्यातूनच जायचे, आणि ते जमण्यासारखे नसेल तर मागे फिरायचे. चाकोरी मोडायला निघालेला मी, स्टिअरिंग घट्ट धरून, डोळ्यांत तेल घालून चाकोरी शोधत होतो.

वाळू आणि गोटे सुरू झाले तेव्हा खाली उतरून टायरमधली हवा कमी केली. डांबरी रस्त्यावर ३२ पीएसआयच्या आसपास असलेला दाब २०च्या जवळ आणला, की टायर जमिनीवर पसरतो, त्याचा टेकणारा भाग मुख्यतः लांबीत वाढतो, आणि रुतण्याऐवजी तो वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. मात्र अशा मऊ टायरवर वेगाने वळले तर टायर रिमवरून निसटण्याची भीती असते, आणि पुन्हा डांबरावर आल्यावर हवा भरायला कॉम्प्रेसर जवळ असावा लागतो. एकंदरीत, गाडी कितीही ताकदवान असली तरी तिचा वेग कुत्र्याच्या दुडक्या चालीइतकाच राहतो. भिंगरीला हे फार मानवले. मला ते मानायला वेळ लागला.

तिच्यासाठी थांबे घ्यावे लागत होते. निघण्याच्या अगदी तोंडावर तिला पोटभर खाऊ घालण्याची चूक मी केली होती, आणि तिसऱ्याच वळणावर तिने ते सारे आसनावर परत केले. प्रवासापूर्वी तीन-चार तास कुत्र्याला जेवण देऊ नये, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तिच्या डोळ्यांपुढे माझा निर्धार टिकत नाही, एवढेच. खिडकीतून डोके बाहेर काढू देण्याच्या बाबतीत मात्र मी ठाम राहिलो, कारण धुळीने आणि वाटेवर झुकलेल्या फांद्यांनी डोळ्याला इजा व्हायला क्षण पुरतो. काच चार बोटे खाली केली होती. तेवढ्या फटीतून तिला नदी आमच्या कितीतरी आधी कळली. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात, आणि कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, त्या २० ते ३० कोटींपर्यंत असतात. आम्हाला पाणी दिसण्यापूर्वी बराच वेळ ती त्या फटीला नाक लावून थरथरत होती.

मग नदी ओलांडण्याचा तो उतार आला. दोन्ही रेघा सरळ पाण्यात शिरत होत्या आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर येत होत्या. पाणी स्वच्छ होते, तळचे गोटे दिसत होते, आणि मला ते सोपे वाटले. गाडी घालण्याआधी उतार पायी पार करून पाहायचा, हा नियम माझ्या उत्साहाला पटत नसला तरी बायकोच्या नजरेला पटत होता. म्हणून काठी घेऊन मी पाण्यात उतरलो. काठावर भिंगरीने पुढचा पंजा पाण्यात बुडवला, काढला, झटकला, आणि ती मागे सरून बसली. मधोमध गेलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर आले आणि काठी हातात कापू लागली. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ३० सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणी लहान मोटार तरंगवू शकते, आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक मोठ्या गाड्यांनाही वाहून नेते. शिवाय पाणी हवेच्या नळीतून इंजिनात शिरले तर काम संपलेच, कारण हवेसारखे पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

मी काठावर परत आलो आणि तरीही थोडा घुटमळलो, हे कबूल केले पाहिजे. गाडीच्या जाहिरातींत पाण्याचे पंख उडवत जाणारी गाडी पाहून वाढलेल्या माणसाला, गुडघाभर पाण्यापुढे माघार घेणे लाजिरवाणे वाटते. बायको म्हणाली, “काठी नाही म्हणते आहे आणि भिंगरीही नाही म्हणते आहे. आता तुझे एकट्याचे मत उरले.” आम्ही अलीकडेच मुक्काम केला.

कुत्र्यांना धोका आधी कळतो, अशी एक हळवी गोष्ट येथे रचता आली असती. पण भिंगरी अंगणातल्या डबक्याशीही असाच पंजा बुडवून मागे सरते, आणि त्यानंतर अर्ध्याच तासाने तिने, त्याच नदीच्या शांत डोहात, फेकलेल्या काडीमागे बेधडक उडी मारली. डोह आधी पाहून घेतला होता. साचलेल्या पाण्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी-निळी साय असेल तर तिथे कुत्र्याला पाय बुडवू देऊ नये, कारण त्या नील-हरित शैवालाचे विष काही तासांत जीव घेऊ शकते. इथे धार मंद पण वाहती होती. तरी काडी आणण्याचा खेळ थोडक्यात आवरला, कारण तोंड उघडे ठेवून पोहताना कुत्रे नकळत इतके पाणी पिते, की रक्तातले सोडियम उतरून ते आजारी पडू शकते. बाहेर येऊन तिने अंग झटकले. ओले कुत्रे सेकंदाला चार-पाच वेळा अंग हलवते आणि अंगावरचे बरेचसे पाणी क्षणार्धात उडवून लावते, हे खरे आहे. ते पाणी कुठे जाते, हे आम्हाला तेव्हाच उलगडलेल्या अंथरुणावरून कळले.

तंबू पाण्यापासून साठ-सत्तर मीटर अंतरावर, उंचवट्यावर लावला. झुडपांच्या फांद्यांत जुन्या पुराने अडकवलेला काडीकचरा दिसत होता, आणि आमची जागा त्या रेषेच्या वर होती. तरीही संध्याकाळी मी पाण्याच्या कडेला एक पांढरा गोटा खूण म्हणून ठेवला. वर कुठे पाऊस झाला तर इथे आभाळ निरभ्र असतानाही नदी चढते. रात्री नदीच्या आवाजाचे एक विचित्र असते. दिवसा तो मंजुळ वाटतो आणि रात्री, डोळे मिटले की, तो वाढतो आहे असे वाटू लागते. त्यात भिंगरी मध्येच गुरगुरली. तिला ४५,००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज ऐकू येतात आणि आपले कान २०,०००च्या पुढे बहिरे होतात, तेव्हा ती कोणावर गुरगुरते आहे हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी विजेरी घेऊन बाहेर गेलो, तीही दोरीसह आली, आणि उजेड तिच्या डोळ्यांवर पडताच तिथे दोन हिरवे दिवे लागले. गोटा होता तिथेच होता. परतल्यावर तिने तंबूतल्या अरुंद जागेत, आमच्या पायांवरून, आपल्या ठरलेल्या चार फेऱ्या पूर्ण केल्या.

थंड हवा रात्री उतारावरून दरीच्या तळाशी जमते, त्यामुळे पहाटे तंबू आतून ठिबकत होता. त्यातला निम्मा ओलावा आम्हा तिघांच्या श्वासाचा असावा. उजाडल्यावर भिंगरीच्या कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी तपासल्या, दोन निघाल्या. तिची विष्ठा पिशवीत बांधून बरोबर घेतली. रानातली जनावरे उघड्यावरच जातात हे खरे, पण ती रानातलेच खातात. हिच्या पोटातले खाणे आणि जंत दोन्ही बाहेरून आलेले असतात, आणि ते नदीला देण्याचे कारण नव्हते.

तंबू गुंडाळला तेव्हा गवतावर त्याचा मोठा चौकोन दबलेला राहिला होता. शेजारी, जिथे संध्याकाळी भिंगरी पहुडली होती, तिथे परातीएवढे गोल होते. मी हाताने गवत उभे करून पाहिले, थोडे उभे राहिले.

परतीच्या वाटेवर एका घसरड्या चढापाशी बायको खाली उतरून पुढे चालू लागली, चाके कुठे टेकवायची ते हाताने दाखवायला. दोरीला भिंगरी होती. बाजूला सगळीकडे मोकळे गवत होते, आणि तिला कोणताही नियम लागू नव्हता. पण काल डोहात डुंबलेली ही बाई आज दवाने भिजलेल्या गवतात पाय टाकायला तयार नव्हती. ती डाव्या चाकाच्या रेघेत उतरली, आणि शेपटी वर करून, अगदी मधोमध, चढ संपेपर्यंत माझ्या गाडीपुढे चालत राहिली.